आंगठ्याची साक्ष

स्वतःचें पुस्तक पदरच्या खर्चानें छापून त्याची दवंडीही फेसबुक व व्हॉट्सॲपवर स्वतःच पिटणारा लेखक दिसला, कीं आमच्या सुशिक्षित वर्गास हंसूं येतें. त्या हंसण्यांत आम्ही सामील नाहीं. सायखेड्यासारख्या गोदाकांठच्या गांवीं बसून लिहिणारास पुण्यामुंबईच्या प्रकाशकाचा उंबरठा दूर असतो. हातांतल्या फोननें तो चार घरीं अधिक पोंचला, तर त्यांत लाज कसली? अमरावती जिल्ह्यांतून दिल्लीस गेलेले श्री. लक्ष्मणराव पदपथावर चहा विकीत आणि हिंदी कादंबऱ्या लिहीत. त्यांनीं आपलीं पुस्तकें आपणच छापलीं, सायकलीवरून शाळाशाळांत नेलीं, आणि पुढें इंटरनेटवरही विक्रीस ठेविलीं. त्यांस कोणीं हंसावें?

आमची तक्रार निराळी आहे. ह्या जाहिरातींकडे आम्ही वाङ्मय म्हणूनच पाहतों, कारण पुष्कळदां पुस्तकापेक्षां त्यांवरच अधिक परिश्रम झालेले दिसतात! आधीं मुखपृष्ठाचें अनावरण, मग ‘अवघे तीन दिवस उरले’ ही घोषणा, मग पुस्तक छातीशीं धरून हंसणाऱ्या स्नेह्यांचीं छायाचित्रें. पुस्तक कशाविषयीं आहे, त्यांतलें एखादें पान वाचावयास कसें लागतें, हें मात्र शोधूनही सांपडत नाहीं. खालीं ‘अभिनंदन’, ‘अप्रतिम’ यांची रांग, आणि उभे केलेले शेंकडों आंगठे. एके काळीं आंगठा ही लिहितां न येणाराची खूण असे. आतां ती न वाचणाराची झाली आहे.

कौतुक करणारानें त्यापायीं काय पणास लाविलें, यावर कौतुकाचें मोल ठरतें. सायखेडा ज्या निफाड तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांतल्या पिंपळगांव बसवंत येथें कुसुमाग्रजांचें बालपण गेलें. त्यांची ‘विशाखा’ १९४२ सालीं निघाली, ती वि. स. खांडेकर यांच्या खर्चानें आणि त्यांच्या प्रस्तावनेसह. खांडेकर तेव्हां नामांकित कादंबरीकार होते. संग्रह फसता, तर पैसा त्यांचा जाता आणि रसिकतेचें नांवही त्यांचेंच जातें. अशी जामिनकी शेंकडों आंगठे मिळूनही देऊं शकत नाहींत. शिवाय व्हॉट्सॲपच्या ‘ब्रॉडकास्ट’ यादीवरून धाडलेला संदेश पोंचतो तो आपला क्रमांक ज्यानें नोंदून ठेविला असेल त्यासच. म्हणजे श्रोतेही बहुधा ओळखीचेच, आणि ओळखीचा माणूस भीडेखातर काय बोलणार?

पावसाळ्यांत मात्र हेंच व्हॉट्सॲप सायखेड्यांत निराळ्या डोळ्यांनीं वाचलें जातें. गंगापूर आणि दारणा धरणांतून किती क्युसेक पाणी सुटलें, हा आंकडा कोणी भीडेनें वाखाणीत नाहीं. कांहीं तासांत नदीच त्याचा पडताळा देते. ऑगस्ट २०१९ मध्यें तिनें तो घराघरांत शिरून दिला.

जाहिरात करावीच. परंतु मुखपृष्ठाऐवजीं पुस्तकाच्या मधलें एक आख्खें पान वाचकांपुढें टाकावें, आणि ज्यास तें आवडलें नाहीं त्यानें तेथेंच कारण लिहावें, असें लेखकानें स्वतः मागून घ्यावें. सायखेड्याच्या लेखकानें पुराचें वर्णन केलें असेल, तर तें पान पहिल्यानें त्या शेजाऱ्याच्या फोनवर जावें, ज्यानें त्या रात्रीं धान्याचीं पोतीं माळ्यावर चढविलीं. पाणी कोठवर आलें होतें, हें त्यास ठाऊक आहे.