ॲडमिरल गॉडफ्रे : एका कारकिर्दीचे दोन अन्वयार्थ

ब्रिटिश नौदलातील ज्येष्ठ अधिकारी जॉन हेन्री गॉडफ्रे (जन्म १८८८) यांचे नाव इंग्रजी वाचकांस परिचित आहे ते मुख्यतः गुप्तवार्ता-कार्यामुळे. १९३९ ते १९४२ या काळात ते नौदल गुप्तवार्ता विभागाचे संचालक होते. त्यांचे स्वीय साहाय्यक इयान फ्लेमिंग यांनी पुढे जेम्स बाँडच्या कादंबऱ्यांतील ‘एम’ हे पात्र बव्हंशी त्यांच्यावरून बेतले, असे मानले जाते. पॅट्रिक बीस्ली यांनी १९८० मध्ये लिहिलेल्या चरित्राचे ‘व्हेरी स्पेशल ॲडमिरल’ हे शीर्षकही याच गौरवाचे द्योतक आहे. मुंबईच्या इतिहासाच्या अभ्यासकास मात्र या कारकिर्दीचे मूल्यमापन वेगळ्या बिंदूपासून करावे लागते.

सप्टेंबर १९३९ मध्ये शत्रूची दिशाभूल करण्याच्या युक्त्यांचे एक टिपण गॉडफ्रे यांच्या नावाने प्रसृत झाले. १९४३ मधील ‘ऑपरेशन मिन्समीट’चे बीज त्यात आढळते. प्रतिपक्षाच्या मनाचा ठाव घेणे हे त्यांच्या कार्यपद्धतीचे मर्म होते. १९४३ मध्ये ते रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमुख झाले. युद्धकाळात हे दल झपाट्याने विस्तारले. परंतु भारतीय नाविकांचे तुटपुंजे वेतन, निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक हे प्रश्न कायम राहिले.

मुंबईतील ‘तलवार’ या नौदल-प्रशिक्षण केंद्राच्या भिंतींवर डिसेंबर १९४५ मध्येच राजकीय घोषणा रंगविण्यात आल्या होत्या. त्या प्रकरणी बलाईचंद्र दत्त यांना अटक झाली. अर्थात, इशारा स्पष्ट होता. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तेथील नाविकांनी अन्न नाकारून संप पुकारला आणि काही दिवसांतच सुमारे २० हजार नाविक त्यात सामील झाले. आकाशवाणीवरील भाषणात गॉडफ्रे यांनी, ज्या नौदलाचा अभिमान बाळगला ते नष्ट झाले तरी बळाचा पूर्ण वापर केला जाईल, असे बजावले. २३ फेब्रुवारीस सरदार पटेल यांच्या सल्ल्यानुसार नाविकांनी माघार घेतली. तथापि, मुंबईत तोवर दोनशेहून अधिक नागरिक प्राणास मुकले होते.

वेतन व सैन्यकपातीची धोरणे एकट्या गॉडफ्रे यांच्या हाती नव्हती, हे मान्य करावयास हवे. परंतु त्या भाषणाची जबाबदारी निःसंशय त्यांची होती. शत्रूचे मन वाचणाऱ्या या अधिकाऱ्यास स्वतःच्याच नाविकांचे मन वाचता आले नाही. कारण साम्राज्याच्या चौकटीत नाविकाची तक्रार ही ‘वार्ता’ ठरतच नव्हती, ती केवळ शिस्तभंग ठरत होती.

म्हणूनच गॉडफ्रे यांच्या चरित्राबरोबर दत्त यांचे ‘म्युटिनी ऑफ द इनोसन्ट्स’ (१९७१) हे आत्मकथनही वाचले जाणे अगत्याचे ठरते. सेनानीच्या कर्तृत्वाचा आलेख त्याच्या हाताखालील माणसांच्या साक्षीवाचून पूर्ण होत नाही.