गेट्टिमेळम्‌च्या आत

चेन्नईतल्या मयिलापूरला राहायला आल्यापासून मार्गळीचा महिना माझ्यासाठी कानांचा महिना झाला आहे. पहाटे देवळातून तिरुप्पावैची पदं, दुपारी नवोदितांच्या कच्चेऱ्या, म्हणजे मैफली, रात्री सभांमध्ये नावाजलेले गायक. अशा भरल्या कानांच्या दिवसांत बंगळूरच्या भाच्यानं एक आल्बम पाठवला. सोबत एवढंच लिहिलं होतं, "मावशी, अर्ध्यात थांबवू नकोस. दुसरं गाणं तुझ्यासाठी आहे." कलाकार इहसान, आल्बम 'आफ्टर', साल २०१०. घराणं म्हणाल तर ब्लॅक मेटल.

हे घराणं मला नावानंच ठाऊक होतं, आणि नाव चांगलं नव्हतं. इहसान म्हणजे व्हेगार्ड स्वेरे ट्वेटान, नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या नोटोड्डन गावचा. १९९१मध्ये सामोथच्या साथीनं त्यानं 'एम्परर' हे पथक काढलं तेव्हा त्याला मिसरूडही धड फुटलं नसेल. त्या पिढीनं विलक्षण संगीत केलं आणि चर्चही जाळली. एम्पररमधलेच दोघं तुरुंगात गेले, एक जाळपोळीसाठी, दुसरा खुनासाठी. इहसान त्यात नव्हता. पण हे सारं माहीत असताना मन मोकळं करून ऐकायला बसणं जड जातं. मी बसले, कारण आल्बमच्या वादकांमध्ये सॅक्सोफोनवाला होता: यॉर्गन मुंकेबी.

पहिलं गाणं, 'द बॅरन लँड्स'. नेहमीच्या सहाऐवजी आठ तारांची गिटार, त्यामुळे खर्ज इतका खाली जातो की तो कानांआधी छातीला कळतो. मग इहसानचा आवाज. त्याला किंचाळणं म्हणून सोडून देऊ नये. घसा आवळून, कोरड्या श्वासावर घासत काढलेला तो आवाज आहे आणि त्यात शब्द शाबूत राहतात, ओळीची फेक सांभाळलेली असते. पुढे तो स्वच्छ गळ्यानं गातो तेव्हा कळतं, दोन्ही आवाज त्याच्या ताब्यातले आहेत; कुठे कोणता लावायचा हे त्यानं ठरवलेलं आहे.

आणि दुसरं, 'अ ग्रेव्ह इन्व्हर्स्ड'. आस्गाइर मिकेल्सनचा ड्रम असा कोसळतो की मात्रा मोजायची सोय उरत नाही. त्या कोसळण्यातून सॅक्सोफोन उसळतो: पिळवटलेला, सूर फाटेस्तोवर ताणलेला. मी थबकले. हा आवाज मी ओळखत होते.

चार दिवसांपूर्वीच शेजारच्या कल्याण मंडपात लग्न होतं. मी वाजवणाऱ्यांच्या अगदी जवळ बसले होते. नादस्वरम्‌वाल्यानं वाद्याला दोऱ्यानं बांधलेल्या पत्त्यांतली एक निवडली, ओठांत धरून ओली केली, फुंकून पाहिली, नाराज होऊन दुसरी घेतली. तविलवाल्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर कापडाच्या कडक टोप्या होत्या, डाव्या हातात आखूड काठी. मुहूर्त आला, कुणीतरी बोट उंचावून "गेट्टिमेळम्, गेट्टिमेळम्" असं ओरडलं आणि दोघांनी लय, आलाप सगळं बाजूला टाकून एकच कल्लोळ उठवला. त्या कल्लोळात ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधलं गेलं. त्या घडीला शिंक, रडणं, एखादा वेडावाकडा शब्द, काही कानांवर पडू नये म्हणून हा गजर. मंगलाष्टकं संपताच आपल्याकडे ताशा कडाडतो, ते आठवलं.

सॅक्सोफोन या शहराला परका नाही. कद्री गोपालनाथांचे वडील नादस्वरम् वाजवायचे. मुलानं म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि त्याचा ध्यास घेतला. कळांचं वाद्य, एक कळ म्हणजे एक सुटा सूर. त्यातून गमक काढायचं तर ओठांच्या दाबानं आणि श्वासानं सूर वाकवावा लागतो. त्यांनी वाद्यात बदल केले, वर्षानुवर्षं मेहनत केली, मद्रासला टी. व्ही. गोपालकृष्णन यांच्याकडे शिकले आणि १९९४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कर्नाटक संगीत घेऊन उभे राहिले. त्याच वर्षीच्या 'डुएट' या तमिळ चित्रपटामुळे तो सूर इथल्या घराघरात गेला. २०१९मध्ये ते गेले. कद्रींनी सॅक्सोफोनला नादस्वरम्‌ची मींड शिकवली. मुंकेबी त्यातून नादस्वरम्‌चा दुसरा अर्धा काढतो, उघड्या मांडवातला, हजार माणसांच्या डोक्यावरून जाणारा. कद्री त्याच्या कानांवरून कधी गेले असतील असं मी म्हणत नाही. पत्ती ओली करून जीव तोडून फुंकलं की दोन्ही वाद्यं कुठेतरी भेटतात, एवढं मात्र मी ऐकलं.

त्यानंतर आल्बम मला वेगळाच ऐकू येऊ लागला. कल्लोळ अंगावर येतो असं समजून मी इतकी वर्षं या संगीतापासून लांब राहिले. पण गेट्टिमेळम् कुणाच्या अंगावर येत नाही, तो आतल्या एका नाजूक घडीभोवती भिंत उभी करतो. इहसानच्या कल्लोळाच्या आतही असं काही जपलेलं आहे. 'ऑस्टिअर'मध्ये ते उघडच दिसतं, तिथे गिटार हळुवार बोलते. 'फ्रोझन लेक्स ऑन मार्स' मला तितकं भिडलं नाही. त्यात कसब जास्त आणि ओढ कमी वाटली. पण 'अंडरकरंट' या लांबलचक गाण्यात शांत सुरावट आणि भडका यांची अदलाबदल इतकी सावकाश होते की भिंत कधी उभी राहिली हे कळतही नाही. लार्स नॉरबर्गचा बेस इथे मुद्दाम ऐकावा. गिटारच्या मागे मागे न जाता तो स्वतःची वाट चालतो.

अखेरचं 'ऑन द शोअर्स' मी दिवा मालवून ऐकलं. दहा मिनिटांच्या आसपासचं गाणं. दुसऱ्या गाण्यात जिवाच्या आकांतानं धावलेला सॅक्सोफोन इथे घाई करत नाही. सूर लांबवतो, श्वास संपत आला की त्याला किंचित खाली झुकू देतो, आणि त्या झुकण्यात जे दुःख आहे ते मला शब्दांत धरता येत नाही. गिटारींचा भार त्याच्याभोवती आहेच, पण तो त्याला झाकत नाही.

चेन्नईतही डायबोलस आर्केनियम नावाचं पथक सिंफनिक ब्लॅक मेटल वाजवतं, असं भाच्यानं सांगितलं. त्यांचं 'पाथ ऑफ असेन्शन' आता ऐकायचं आहे. पण दुसऱ्या दिवशी पहाटे, कोलम काढणाऱ्या बायका अंगणात उतरायच्या आधी, मी पुन्हा 'अ ग्रेव्ह इन्व्हर्स्ड' लावलं. या वेळी ड्रमकडे दुर्लक्ष केलं आणि सॅक्सोफोनवाला श्वास कुठे घेतो तेवढंच शोधत राहिले. दोन जागा सापडल्या.