दुसरा बार

सर्वजया आपल्या नवऱ्याचं, हरिहरचं डोकं उचलून धरते, लोट्यातलं गंगेचं पाणी त्याच्या तोंडात ओतते, आणि त्याची मान कलंडते. त्याच क्षणी पडद्यावर पारव्यांचा थवा उठतो. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’मधलं हे दृश्य संपायला काही सेकंद पुरतात. चित्रपट १९५६चा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला आणि तेव्हापासून जगभर या थव्याबद्दल लिहिलं गेलं आहे. तरी मला त्याबद्दल पुन्हा लिहायचं आहे, कारण हे पारवे बहुतेक वेळा ‘प्रतीक’ म्हणून मोजले जातात आणि पक्षी म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. मला वाटतं, त्या दृश्याचं बळ ते खरे पक्षी असण्यात आहे, काशीच्या घाटावरचे, तिथेच राहणारे.

प्राणपाखरू उडालं, असं आपण मराठीत सहज म्हणून जातो. म्हणजे मरणाशेजारी पक्षी ठेवणं हे कल्पनेचं फार मोठं काम नव्हे. ती वाट पिढ्यान् पिढ्या मळलेली आहे. रायांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने एक पांढरं कबूतर सोडलं असतं आणि ते निळ्या आभाळात दिसेनासं होईपर्यंत कॅमेरा त्याच्या मागे नेला असता. रायांच्या दृश्यात प्राण जातो एकट्याचा आणि उडतो सगळा थवा. ही विसंगतीच मला फार मोलाची वाटते. एका गरीब ब्राह्मणाचा जीव जातो तेव्हा हादरा सगळ्या घाटाला बसला आहे असं त्या क्षणी वाटतं. पारव्यांनी काहीतरी ऐकलं आहे, जे आपल्याला ऐकू आलेलं नाही.

त्या जोडणीची बांधणी बघा. मान खाली पडते, थवा वर उठतो. खाली जाणारी हालचाल तुटली त्याच ठिकाणी वर जाणारी सुरू होते. अंधाऱ्या खोलीतल्या एका चेहऱ्यावरून आपण थेट उघड्या आभाळाखाली येतो. सर्वजयाच्या भूमिकेतल्या करुणा बॅनर्जींना आक्रोश करायला रायांनी जागाच ठेवलेली नाही. ती रडेल या अपेक्षेने आपण श्वास धरलेला असतो आणि पडदा पंखांनी भरून जातो. त्यावर रविशंकरांच्या संगीतातली बासरी येते, राग जोग. ही सुरावट विलाप करत नाही. ती उंच जाते आणि पक्ष्यांबरोबर फिरत राहते. रडणं आपल्याकडे सोपवलेलं आहे.

पण हे सगळं तिथल्या तिथे उभं राहिलेलं नाही. चित्रपट सुरू होतो तो गंगेवरच्या पुलावरून जाणाऱ्या आगगाडीने. पुलाच्या लोखंडी तुळया डोळ्यांसमोरून झरझर सरकतात, पलीकडे काशी. साल १९२०. मग घाट, स्नान करणारे, पायऱ्यांवर पोथी सांगणारा हरिहर, आणि याच सुरुवातीच्या घाटदृश्यांत पारवेही आहेत, रोजचे, दाणे टिपणारे. काशीत पुण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे पक्ष्यांना दाणे घालणं. तेव्हा आपण त्यांची दखलही घेत नाही. ते छत्र्यांसारखे, नावांसारखे, घाटाच्या सामानाचा भाग आहेत. हरिहर गेल्यावर उडतात ते हेच शेजारी. अनोळखी पक्षी आणून उडवला असता तर तो अलंकार झाला असता. ओळखीचा थवा उडतो तेव्हा ती बातमी होते.

चित्रपटाच्या पहिल्या भागात हरिहर-सर्वजयाचा मुलगा अपू हे गाव कसं पाहतो, तेही इथे लक्षात घ्यायला हवं. पिनाकी सेनगुप्ता या मुलाने हा अपू केला. तो गल्ल्यांतून हिंडतो, घाटावर कसरत करणाऱ्या पहिलवानाकडे टक लावून पाहतो, दुर्गेच्या देवळात माकडांना खाऊ टाकतो आणि माकडं घंटांच्या दोऱ्यांना लटकून घंटा वाजवतात. तो कुणाला काही विचारत नाही, कुणी त्याला माहिती सांगत नाही. एका मुलाची ही स्थळदर्शनाची फेरी आहे आणि ती जवळजवळ मुकी आहे. दाखवणारा कुणी नसताना पाहिलेलं शहर अंगात जास्त खोल मुरतं, असं मला हा भाग पाहताना दरवेळी वाटतं.

राय चित्रीकरणासाठी काशीला गेले ते १९५६च्या वसंतात. तिथल्या नोंदींमधले उतारे त्यांनी पुढे प्रसिद्ध केले आणि १९७६मध्ये निघालेल्या ‘अवर फिल्म्स, देअर फिल्म्स’ या पुस्तकात ते घेतले. चित्रपटाच्या जोडीने ही टिपणं वाचायलाच हवीत. पहाटे पाचला राय घाट पाहायला निघतात. पहिलवान व्यायामाला लागलेले आहेत, पारवे मात्र अजून जागे झालेले नाहीत, असं ते टिपून ठेवतात. घाट पूर्वेला तोंड करून आहेत, म्हणून सकाळी ऊन थेट पायऱ्यांवर येतं आणि दुपार कलली की उंच वाड्यांची सावली पसरून सगळीकडे मऊ उजेड होतो. या दोन प्रकाशांतली दृश्यं एकमेकांत मिसळून चालणार नाही, हेही त्यांनी हेरलं. विश्वनाथाच्या देवळातली आरती मिळावी म्हणून ते महंतांकडे खेटे घालतात. ते देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८०च्या सुमारास पुन्हा उभारलेलं. मराठी माणूस काशीत स्वतःला पाहुणा मानत नाही त्याचं कारण हेच. भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाई घाट अशी आपल्याच घरची नावं तिथे दगडात आहेत. रायांच्या पात्रांना असा आधार नाही. ती बंगाली टोल्यातली माणसं, आपलं गाव सोडून आलेली.

या टिपणांमधली पारव्यांची नोंद मला सगळ्यात प्रिय आहे. त्या दिवशी मंडळी पहाटे चारलाच बाहेर पडली. पारवे एका इमारतीच्या कंगोऱ्यावर ओळीने बसलेले. सगळे एकदम उडायला हवेत, म्हणून बार उडवायचा असं ठरलं. असे चार बार बरोबर होते. वात पेटवायची वेळ आली आणि एका सहकाऱ्याने हातवारे सुरू केले. काहीतरी चुकत होतं, पण काय ते कळेना. तोवर उशीर झाला होता. बार उडाला, पारव्यांनी आपलं काम उत्तम केलं आणि कॅमेरा मात्र फिरलाच नाही. त्याची मोटर बॅटरीला जोडायची राहून गेली होती. पारवे आभाळात तीन-चार घेर घेऊन पुन्हा त्याच कंगोऱ्यावर येऊन बसले. मग दुसरा बार. आपण पाहतो ते उड्डाण या दुसऱ्या बाराचं आहे.

आम्ही काही मित्र काशीला गेलो होतो तेव्हा नावेत हाच विषय निघाला. आमच्यातला एक जण पक्षिनिरीक्षक आहे. दुर्बीण गळ्यात असल्याशिवाय तो देवळातही जात नाही. बाकीचे घाटांची नावं मोजत होते आणि हा प्रवाहावर लक्ष ठेवून होता. दिवस थंडीचे. नावेभोवती कुरवांचा गराडा पडलेला. तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव मध्य आशियाकडून येऊन हिवाळा इथे काढतात. नावाडी त्या सगळ्यांनाच ‘सायबेरियन’ म्हणतात आणि शेवेच्या पुड्या विकतात. मूठभर शेव भिरकावली की पांढऱ्या पंखांचा कल्लोळ होतो, फोटो निघतात.

“शेव टाकू नकोस,” त्याने एकीला थांबवलं. “तळलेलं, मिठाचं खाणं ते. त्यांचं अन्न या नदीतच आहे.”

“मग रायांचे पारवे? त्यांना लोक दाणे घालतातच की.”

“दाणा हे पारव्याचं खाणंच आहे. आणि पारवा इथला रहिवासी. कुरव हे आपल्यासारखे, चार महिन्यांचे.”

मग त्याने वर बोट केलं. राजघाटाकडून अस्सीपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर दगडी वाडे, देवळं, बुरूज अशी भिंतच उभी आहे. समोरचा किनारा वाळूचा आणि मोकळा. पारवा मुळात कड्याकपारीतला पक्षी. उभ्या खडकाच्या खाचेत घरटं करणारा. माणसाने नदीकाठी दगडाचा एवढा मोठा कडा उभारला, त्याला कंगोरे, कोनाडे, सज्जे ठेवले, वर धान्यही दिलं. पारव्याला आणखी काय हवं? “राजे आले, घाट बांधले आणि गेले. हे आहेत तिथेच आहेत,” तो म्हणाला. थवा एकदम उठतो आणि घट्ट होऊन वळणं घेतो, ते ससाण्याला गोंधळात पाडण्यासाठी. एकच पक्षी निवडता येऊ नये म्हणून. धोका टळला असं वाटलं की तो त्याच जागी परततो.

हे ऐकलं आणि ते दृश्य माझ्यासाठी वेगळंच झालं. पारवे परत येणारच होते म्हणून तर रायांना दुसरी संधी मिळाली. पक्ष्याचा स्वभाव आणि चित्रपटाचं नशीब इथे एकमेकांत गुंतलेले आहेत. आणि ज्याला आपण आत्म्याचं मुक्त उड्डाण म्हणतो ते प्रत्यक्षात दचकणं आहे, भेदरलेल्या जिवांनी एकमेकांना धरून घेतलेला घेर आहे. बाराचा आवाज चित्रपटात नाही. त्या जागी हरिहरचं मरण ठेवलेलं आहे. संकलनाने आवाज काढून घेतला आणि कारण बदललं, दचकणं मात्र खरं राहिलं. अभिनय करता न येणाऱ्या पक्ष्यांकडून इतकी खरी भावना मिळाली, ती या एका अदलाबदलीमुळे.

आमची मैत्रीण मात्र अडून बसली. काशीत मरणाऱ्याला मोक्ष मिळतो, तो परत येत नाही. मग परत येणाऱ्या पक्ष्याने ते मरण कसं दाखवावं? प्रश्न योग्य आहे. माझ्या मते ते उड्डाण हरिहरचं नाहीच. ते मागे राहिलेल्यांचं आहे. हरिहर गेल्यावर सर्वजया एका श्रीमंत घरी स्वयंपाकाला राहते. आपला मुलगा त्या घरचा नोकर होऊ लागला आहे हे तिला दिसतं आणि ती काशी सोडायचं ठरवते. पुन्हा आगगाडी, पुन्हा पूल. खिडकीबाहेर मैदानं जाऊन बंगालची हिरवाई येऊ लागते तशी आधीच्या चित्रपटातली, ‘पथेर पांचाली’ची जुनी धून ऐकू येते आणि सर्वजयाचा चेहरा थोडा सैलावतो. हादरा बसणं, आभाळात घेर घेणं, ओळखीच्या कंगोऱ्याकडे वळणं, हे तिचं आयुष्य आहे. तिचा कंगोरा काशीतला नव्हता, इतकंच.

हरिहर मरतो त्या खोलीतल्या उजेडाबद्दलही सांगायला हवं. हरिहरच्या काशीतल्या घराचं अंगण खरं नाही. बन्सी चंद्रगुप्त यांनी ते कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं. वरून येणारा सावलीतला उजेड स्टुडिओत आणायचा कसा, हा प्रश्न छायालेखक सुब्रत मित्र यांनी सोडवला. वर पांढरं कापड ताणून त्यावर खालून दिवे मारायचे आणि परतून येणारा पसरट उजेड वापरायचा. म्हणून मरणाची खोली आणि घाटाचं आभाळ एकाच शहरातलं वाटतं. तो उजेड खोटा वाटला असता तर पारवेही जोडकामच वाटले असते.

काशीत राय पुन्हा आले ते ‘जय बाबा फेलूनाथ’ घेऊन. चित्रपट १९७९चा. आता एकटा मुलगा नाही. गुप्तहेर फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि त्यांचे मित्र लालमोहनबाबू असे तिघे जण आहेत, दुर्गापूजेची गडबड आहे, चोरीला गेलेली गणेशमूर्ती आहे. उत्पल दत्त यांचा मगनलाल मेघराज विसरता येत नाही. पण मला त्यातलं त्या तिघांचं गल्ल्यांतून चालणं जास्त आवडतं. लालमोहनबाबूंना जे दिसेल त्यावर बोलायचं असतं, तोपशे ऐकतो, फेलूदा अर्धं ऐकतो आणि उरलेलं लक्ष भिंतींवर ठेवतो. मित्रांबरोबर पाहिलेलं शहर असंच असतं. निम्मं डोळ्यांनी, निम्मं गप्पांतून. अपूच्या मुक्या काशीला ही बोलकी काशी उत्तर देते. फेलूदा झालेले सौमित्र चटर्जी यांनीच १९५९च्या ‘अपुर संसार’मध्ये मोठा अपू केला होता. ज्या घाटावर लहान अपू हिंडला त्याच घाटावर तो वीसहून जास्त वर्षांनी पर्यटक होऊन, दोन सोबत्यांबरोबर चालतो आहे. राय या योगायोगाकडे बोट दाखवत नाहीत, आणि ते बरंच आहे.

काशीला पहिल्यांदा निघालेल्या माणसाला मी दोन्ही चित्रपट पाहायला सांगतो, आणि क्रम उलटा सुचवतो. जाण्यापूर्वी ‘फेलूनाथ’ पाहावा, म्हणजे गल्ल्यांची भीती जाते आणि बरोबर कोणाला न्यावं हे कळतं. ‘अपराजितो’ परत आल्यावर पाहावा, घाटावरचे पारवे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून झाल्यावर.