बालकवितेच्या वेशीबाहेरची मुले

गेल्या काही वर्षांतले मराठी बालकवितासंग्रह एका बैठकीत वाचायला घेतले आणि अर्ध्यावर येईपर्यंत मन विटून गेले. फूल, पाखरू, ढग, चांदोबा, आजीची गोष्ट, आईची पप्पी, झाडे लावा, पाणी वाचवा. छंद बिनचूक, यमके जागच्या जागी, चित्रे गुळगुळीत कागदावर. या कवितांमधल्या मुलाला स्वतःची खोली आहे, टेबल आहे, सुट्टीत जायला मामाचे गाव आहे. त्याच्या बापाला कधी मुकादमाकडून उचल घ्यावी लागलेली नाही, आणि त्याची शाळा अर्ध्या वर्षात सुटलेली नाही. मराठी बालकविता इतकी सुखवस्तू कधी झाली आणि तिला तसे होऊ कोणी दिले, हा प्रश्न विचारण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

तळेगाव ढमढेरेसारख्या गावात राहून हे संग्रह वाचले की ही खोट अधिक टोचते. इकडे शिक्रापूर, सणसवाडी आणि पुढे रांजणगाव, सगळा पट्टा कारखान्यांचा. तिथे विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार-उत्तर प्रदेशातून माणसे पोटामागे आली आणि त्यांची मुले आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत बसली. जातेगावच्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की बीड-पाथर्डीकडून टोळ्या येतात. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. आईबाप कोयता घेऊन पहाटे फडात जातात आणि थोरली पोर धाकट्याला काखेला मारून वाढ्याच्या पेंढ्या बांधते. खाली दौंडकडे गुऱ्हाळांवर परमुलखातली कुटुंबे भट्टीशेजारीच संसार मांडतात. एका वर्गात वऱ्हाडी, बीडकडची मराठी, गोरमाटी आणि भोजपुरी ऐकू येते. मात्र त्या वर्गाच्या वाचनपेटीतल्या कवितेत यांतली एकही बोली उमटत नाही.

विंदा करंदीकरांचा विक्षिप्त, मोकाट, भुताखेतांशी खेळणारा बालकवितेतला पराक्रम वाचकांना ठाऊक आहे, त्यावर पुन्हा लिहीत नाही. पाडगावकरांची लय इतकी साधी होती की तिची नक्कल करणे सोपे झाले, आणि आजची निम्मी बालकविता त्या नकलेवर जगते आहे. संस्कारगीतांना मी कविता मानत नाही. पर्यावरणाच्या घोषणा यमकात बसवणाऱ्यांनी भिंती रंगवाव्यात. मोबाइलवर नाचणाऱ्या चित्रांच्या गाण्यांत मुलाला ऐकण्याचीही उसंत मिळत नाही. गद्यात परिस्थिती जरा बरी आहे. ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’त धरणापायी गाव सुटणारे मूल आहे, आणि माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांतली घरे खऱ्या घरांसारखी वाटतात. कवितेत मात्र अशी वाट पाडणारे अपवादानेच भेटतात.

ही वाट पाडता येते, याचा पुरावा मराठीबाहेर धडधडीत उभा आहे. तो पुरावा म्हणजे जेम्स बेरी आणि त्यांच्यामागून आलेले कॅरिबियन कवी.

बेरी 1924 साली जमैकाच्या पोर्टलँड परगण्यातल्या समुद्रकाठच्या खेड्यात जन्मले. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे ते वंशज. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते शेतमजुरीसाठी अमेरिकेत गेले. तिथला वर्णभेद पाहून परतले आणि 1948 साली लंडनला पोहोचले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘एम्पायर विंड्रश’ जहाजाने वेस्ट इंडीजमधल्या शेकडो माणसांना इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरवले होते. बेरी मागाहूनच्या बोटीने आले. 1951 पासून पाव शतकाहून अधिक काळ त्यांनी तारयंत्रावर नोकरी केली. हा माणूस कामगार होता, परका होता, काळा होता आणि कवी होता.

1977च्या सुमारास लंडनमधल्या एका शाळेत त्यांची निवासी लेखक म्हणून नेमणूक झाली. वर्गात काळी मुले होती, पण त्या मुलांचे जगणे सांगणारी पुस्तके कपाटात नव्हती म्हणावीत इतकी थोडी होती. बेरींनी ती पुस्तके लिहायला घेतली. 1981 साली ब्रिटनची राष्ट्रीय काव्यस्पर्धा त्यांनी जिंकली होती. हा मान मिळवणारे ते पहिले वेस्ट इंडियन कवी. असा मान मिळाल्यावर आपल्याकडचा कवी परिसंवादांच्या अध्यक्षपदाकडे वळला असता. बेरी मुलांकडे वळले. 1987 साली ‘अ थीफ इन द व्हिलेज’ हा जमैकातल्या खेड्यातल्या मुलांच्या कथांचा संग्रह आला आणि पुढच्याच वर्षी ‘व्हेन आय डान्स’ हा कवितासंग्रह.

त्या कथांतल्या एका मुलीला सायकल हवी असते. सायकल फिरवणे हे पोरांचे काम, असे सगळे तिला सांगतात, आणि घरात पैसे नसतात. एका मुलाला माऊथ ऑर्गन हवा असतो, कारण तो असल्याशिवाय वाजवणाऱ्या पोरांच्या टोळक्यात जागा मिळत नाही. एवढ्याशा हव्यासातून बेरी गरिबी, मान-अपमान, मुलीच्या जातीला घातलेले कुंपण हे सारे दाखवतात, आणि कुठेही मुलाची कीव करत नाहीत. ‘व्हेन आय डान्स’मध्ये लंडनच्या गल्लीतले मूल आहे आणि जमैकाच्या पाणंदीवरचेही. त्यात जमैकन म्हणी आहेत, हुमणे म्हणजे कोडी आहेत, कष्टाच्या लयी आहेत. काही कविता प्रमाण इंग्रजीत आहेत, काही ठेक्यात चालणाऱ्या गावबोलीत, आणि दोन्हींना एकाच पुस्तकात सारखा मान आहे. गुलामांच्या जहाजांतून आफ्रिकेतून आलेल्या अनान्सी या कोळ्याच्या गोष्टीही त्यांनी नव्याने सांगितल्या. दुबळ्याने हुशारीने बलवंताला चकवायचे, हा त्या गोष्टींचा गाभा. आजोळची गोष्ट परक्या शहरात जन्मलेल्या नातवंडापर्यंत पोहोचवण्याचे हे काम त्यांनी 2017 साली मृत्यू येईपर्यंत सोडले नाही.

बेरी एकटे राहिले नाहीत, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. गयानातून 1977 साली आलेले जॉन अगार्ड आणि ग्रेस निकोल्स, 1979 साली जमैकातून आलेल्या व्हॅलरी ब्लूम, बर्मिंगहॅममध्येच जन्मलेले बेंजामिन झेफानाया या सगळ्यांनी मोठ्यांसाठी लिहिले आणि मुलांसाठीही. अगार्ड यांना 2012 साली आणि निकोल्स यांना 2021 साली राणीचे काव्य-सुवर्णपदक मिळाले. आपला इतिहास शाळेने आपल्याला का शिकवला नाही, असे आपल्या बोलीत खडसावून विचारणारी अगार्ड यांची कविता इंग्लंडमधल्या शालान्त परीक्षेच्या संग्रहात लागली. ज्या व्यवस्थेला प्रश्न विचारला, तिच्याच वर्गांत ती कविता वाचली गेली.

आता आपल्याकडे पाहा. आपल्याकडे असे कवी नव्हते काय? शेजारच्या खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचे नामदेव ढसाळ लहानपणी मुंबईत गेले आणि ‘गोलपिठा’ने त्यांनी मराठी कवितेची भाषा मुळापासून हलवली. 1972 साली दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचे नाव घेऊन. रस्त्यावर सापडलेले मूल म्हणून गिरणी कामगाराच्या घरी वाढलेले नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. शाळेच्या दाराशी बापाच्या नावावाचून अडलेले मूल त्यांनी कवितेत आणले आणि महाराष्ट्र हेलावला. परंतु ही कविता मुलाविषयी मोठ्यांशी बोलते. काळ्यांच्या लढ्याशी नाते सांगणाऱ्या आपल्या कवींच्या पिढीने बेरींच्या पिढीसारखी मुलांसाठीची परंपरा घडवली नाही. वेशीबाहेरची भाषा मोठ्यांच्या कवितेत सन्मानाने आली आणि मुलांच्या कवितेचा उंबरा तिला ओलांडू दिला गेला नाही.

याचा पहिला दोष मी समीक्षेला देतो. बालसाहित्य म्हणजे उतारवयातला विरंगुळा, हा समज आपण समीक्षकांनी पोसला. विद्रोही कवीने मुलांसाठी लिहिले तर त्याची धार गेली असे मानले. ज्याला ‘गंभीर’ व्हायचे होते त्याने मग मुलांकडे पाठ फिरवली आणि ते मैदान गोडगोड लिहिणाऱ्यांना आंदण मिळाले.

दुसरा दोष बोलीच्या भीतीला. बोलीत लिहिले तर मुलांची भाषा बिघडेल, असे शिक्षक सांगतात, पालक सांगतात आणि संपादकही मान डोलावतात. ही भीती निराधार आहे. बेरींच्या पुस्तकात दोन्ही भाषा शेजारी नांदतात आणि मूल दोन्ही वाचते. भाषा बिघडते ती मुलाला गप्प केल्याने. कोपीवरून आलेली पोर वर्गात तोंड उघडते, तिच्या बोलण्याचे हसू होते आणि ती पुन्हा बोलत नाही. तिच्या बोलीतली एक कविता फळ्यावर लिहिली गेली, तर ती पोर ती सगळ्या वर्गाला म्हणून दाखवील. प्रमाण मराठीही ती मग बिचकल्याशिवाय शिकेल.

तिसरा दोष दुःख लपवण्याच्या सवयीला. मुलांना दुःख कशाला दाखवायचे, असे विचारणाऱ्यांना मी विचारतो, कोणत्या मुलांना? जी मुले ते रोज पाहतात त्यांच्यापासून लपवायला उरले काय? शिवाय कोपीवर केवळ दुःख असते हेही खोटे. तिथे पोरांचे खेळ आहेत, बैलांची नावे आहेत, रात्री शेकोटीपाशी ऐकलेल्या थरकाप उडवणाऱ्या गोष्टी आहेत, उसाच्या कांड्यावरून झालेली भांडणे आहेत. हा अस्सल बालकवितेचा ऐवज आहे आणि आपले बालकवी तो सोडून परीराज्यात हिंडत आहेत.

साहित्य अकादमीने 2010 पासून बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. 1971 पासून निघणारे बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आजही खेड्यापाड्यांतल्या शाळांत पोहोचते. दर 1 जानेवारीला कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाजवळ पुस्तकांची दुकाने लागतात आणि दूरदूरहून आलेली माणसे तिथून पिशव्या भरून पुस्तके नेतात. त्या गर्दीत लेकरे खांद्यावर बसून आलेली असतात. वाचक आहे, वाट आहे, व्यासपीठ आहे. कमी आहे ती कवींच्या इच्छेची.

म्हणून दलित, ग्रामीण, आदिवासी आणि भटक्या-विमुक्तांच्या कवितेतल्या मित्रांना माझे सांगणे आहे. तुमचा पुढचा संग्रह मुलांसाठी लिहा, आणि तुमच्या आईच्या बोलीत लिहा. संपादकांनो, तो ‘शुद्ध’ करू नका. शिक्षकांनो, येत्या हंगामात फडावरून आलेल्या मुलांना त्यांची गाणी, हुमणे, गोष्टी विचारा आणि त्या वहीत उतरवून घ्या. उसाच्या फडातले मूल स्वतःच्या आवाजात पुस्तकात येत नाही, तोवर मराठी बालकविता समृद्ध आहे असे कोणीही म्हणू नये.