वेदना आहे, दुखणे कुठे आहे?

दलित साहित्याच्या समीक्षेत ‘वेदना’ हा शब्द इतका वापरला गेला आहे की तो आता झिजलेल्या नाण्यासारखा हातोहात फिरतो. वेदना, विद्रोह आणि नकार ही त्रयी प्रश्नपत्रिकांत गेली, प्रबंधांच्या प्रकरणांना तिने मथळे पुरविले. पण या वेदनेला शरीर आहे काय? कंबर, गुडघा, तळपाय, दाढ यांच्याशी तिचा काही संबंध उरला आहे काय? हा प्रश्न मी एका विशिष्ट माणसाच्या संदर्भात विचारू इच्छितो. तो माणूस म्हणजे आमच्या आत्मकथनांतून, कथांतून आणि कवितांतून वारंवार भेटणारा दारू पिणारा बाप, चुलता, मामा. त्याची वेदना आम्ही पुष्कळ चर्चिली. त्याचे दुखणे मात्र ऐकले नाही.

प्रस्थापित मराठी साहित्याकडून या बाबतीत शिकण्यासारखे काही नव्हते. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ 1919 साली रंगभूमीवर आले आणि दारुड्याची पांढरपेशी प्रतिमा कायम झाली. सुधाकर वकील आहे. कोर्टात त्याचा मानभंग होतो आणि मनाची जळजळ शमविण्यासाठी तळीराम त्याच्या हाती पेला देतो. म्हणजे पिण्याचे कारण मनात, आणि परिणाम संसारावर. मध्ये शरीर कुठेच नाही. तळीराम आजारी पडतो तेव्हा डॉक्टर आणि वैद्य येतात खरे, पण ते प्रेक्षकांना हसविण्यासाठी येतात. व्यसनी माणसाचा आजार हा विनोदाचा विषय आहे, ही शिकवण मराठी प्रेक्षकाने त्या प्रवेशातून मुकाट्याने घेतली.

मग 1978 साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. मुंबईच्या गोदीत राबणारा बाप आणि त्याचे पिणे मराठी वाचकासमोर आले. हा बाप सुधाकर नव्हे. त्याला गमवायला सनद नव्हती, त्याच्याजवळ होते ते राबणारे अंग. परंतु या ग्रंथावर आम्ही काय बोललो? लेखकाच्या प्रांजळपणावर बोललो, भाषेवर बोललो, पांढरपेशा वाचकाला बसलेल्या धक्क्यावर बोललो. लोखंड, ओझे आणि पाळ्या यांखाली त्या पिढीच्या अंगाचे काय झाले असेल, आणि संध्याकाळचा घोट त्या अंगासाठी काय करीत असेल, असा प्रश्न एखाद्या समीक्षकाने धसास लावल्याचे माझ्या वाचनात नाही. बापाचे पिणे आम्ही ‘व्यवस्थेने लादलेले वैफल्य’ या खात्यावर जमा केले. वैफल्य हेही खरेच. पण वैफल्याने पाठीचा मणका झिजत नाही.

येथे थोडे वैद्यकशास्त्र सांगणे भाग आहे. दारू काही काळ दुखणे बोथट करते, हे प्रत्येक हमालाला ठाऊक आहे. पुढचे मात्र त्याला कोणी सांगत नाही. वर्षानुवर्षांच्या दारूने पायांच्या नसा निकामी होतात. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री पांघरुणाचा स्पर्श सोसवत नाही. स्वादुपिंडाला सूज आली तर पोटातली कळ थेट पाठीत जाते. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड खचू शकते. अफू, हेरॉईन यांसारख्या द्रव्यांचे तर आणखी वेगळे आहे. दीर्घ वापराने शरीराची दुखणे जाणण्याची तीव्रताच वाढते, आणि नेहमीच्या मात्रेचे औषध पुरत नाही. व्यसन थांबविताच पहिल्या काही दिवसांत सारे अंग फुटल्यासारखे दुखते. म्हणजे दुखण्यातून नशा, नशेतून नवे दुखणे, आणि नशा सोडताना त्याहून मोठे दुखणे. या चक्राला ‘इच्छाशक्तीचा अभाव’ म्हणणे हे अज्ञान आहे. 2003 साली अमेरिकेतील एका अभ्यासात असे आढळले की, न्यूयॉर्कच्या मेथडोन उपचार केंद्रांतील रुग्णांपैकी 37 टक्के लोक तीव्र आणि जुनाट दुखण्याने ग्रस्त होते. व्यसनाचे उपचार घेणाऱ्या दर तीन माणसांत एक!

अशा माणसाला औषध देणेही सोपे नसते. दारूने यकृत बिघडलेल्यास साधी तापाची गोळी जपून द्यावी लागते. सूज उतरविणाऱ्या गोळ्यांनी त्याच्या जठरातून रक्त जाऊ शकते. ज्याला सर्वांत जास्त दुखते त्याच्यासाठी सुरक्षित औषधे सर्वांत कमी. म्हणूनच त्याच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. प्रत्यक्षात घडते ते उलट. तोंडाला वास आला की तपासणी संपते.

कोणाचे दुखणे खरे मानायचे, हा प्रश्न शास्त्राचा दिसला तरी सत्तेचा असतो. व्हर्जिनिया विद्यापीठात 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि शिकाऊ डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांच्या मनात काळ्यांच्या शरीराविषयी, त्यांची कातडी जाड असते यासारखी, निदान एक तरी खोटी समजूत आढळली. अशा समजुती बाळगणाऱ्यांनी काळ्या रुग्णाचे दुखणे कमी लेखले. आमच्याकडे कातडीचे काम आडनाव, वस्ती आणि वास करतात. आणि कायदा? 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याला आज महाराष्ट्राचे नाव आहे. त्या कायद्याखाली विदेशी मद्यासाठी मिळणाऱ्या परवान्यात ‘आरोग्य राखण्यासाठी’ असे कारण नमूद असते. बंगल्यातला पितो ते आरोग्यासाठी. गुत्त्यावरचा पितो ते व्यसन म्हणून. 

या पार्श्वभूमीवर जेम्स बॉल्डविनच्या ‘सनीज् ब्लूज’ या 1957 सालच्या कथेकडे मी आपल्या लेखकांचे लक्ष वेधू इच्छितो. हार्लेममधला एक बीजगणिताचा शिक्षक भुयारी रेल्वेत वर्तमानपत्र वाचता वाचता कळतो की, आपला धाकटा भाऊ हेरॉईनच्या प्रकरणात पकडला गेला. पुष्कळ दिवस तो भावाला पत्रही लिहीत नाही. स्वतःची चिमुरडी पोलिओने दगावते तेव्हा त्याला भाऊ आठवतो. पुढे सनी बोलू लागतो तेव्हा शिक्षकाच्या ओठांवर इच्छाशक्तीचा उपदेश येतो, पण तो गिळतो आणि ऐकतो. कथेतले दुःख मुख्यतः मनाचे आहे. पण तिचे सामर्थ्य या ऐकण्यात आहे. व्यसनी माणूस तेथे निवेदकाच्या प्रगतीचा पूर्वेतिहास नाही. तो बोलतो.

आमच्या आत्मकथनांचा निवेदकही पुष्कळदा असाच शिकून बाहेर पडलेला शिक्षक, कारकून, प्राध्यापक असतो. त्याच्यात मी स्वतःला धरतो. माझे चुलते नगरपालिकेच्या सफाई खात्यात होते. गटारात उतरण्याआधी पीत, वर आल्यावर पीत. कंबर धरली की भिंतीला पाठ टेकून रात्रभर बसत. मी कॉलेजात असताना त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी हात न लावता सांगितले, “आधी दारू सोडा, मग या.” चुलत्यांनी माझ्याकडे पाहिले. शिकलेला पुतण्या काहीतरी बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी डॉक्टरांच्या बाजूने मान हलविली. मला त्यांच्या वासाची लाज वाटत होती. पुढे मी त्यांच्यावर लिहिले, त्यात ‘शोषण’ आले, ‘वेदना’ आली. कंबर आली नाही.

दलित पँथरने 1972 साली अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेतले. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1970 साली, न्यूयॉर्कच्या दक्षिण ब्राँक्समधील लिंकन इस्पितळात यंग लॉर्ड्स या पोर्तोरिकन तरुणांच्या संघटनेने आणि ब्लॅक पँथरच्या कार्यकर्त्यांनी जागा ताब्यात घेऊन हेरॉईनग्रस्तांसाठी उपचार सुरू केले. तेथे औषध होते, पुढे ॲक्युपंक्चर आले, आणि राजकीय शिक्षणाचे वर्गही होते. 1978 साली शहराच्या सरकारने ते मोडून काढले. नशा हे वस्तीला गुलाम ठेवण्याचे साधन आहे असे ते म्हणत. पण म्हणून नशा करणाऱ्याला त्यांनी शत्रू मानले नाही. त्याच्या अंगदुखीपाशी बसून त्याला माणसांत आणले. आपण त्यांचे नाव घेतले, त्यांच्या आवेशाशी नाते जोडले. त्यांचे इस्पितळ आपल्या चर्चेत कितीसे आले?

दोन आक्षेप येतील. पहिला असा की, बाबासाहेबांनी 1956 साली दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. हे लिखाण पिणाऱ्याला सबब पुरविते. मला हे मान्य नाही. प्रतिज्ञा माणसाने स्वतः घ्यायची असते. दुसऱ्याचे औषध नाकारण्यासाठी ती वापरायची नसते. बुद्धाने उपदेशाची सुरुवात दुःख आहे हे मान्य करण्यापासून केली. दुखणे ऐकले तर दारू सुटण्याची वाट निघते; न ऐकल्यास प्रतिज्ञा मोडल्याचा अपराध तेवढा उरतो, आणि तो विसरायला पुन्हा गुत्ता असतोच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या बाईने त्याचा मार खाल्ला तिचे काय? त्याचे दुखणे ऐकणे म्हणजे त्याला माफी देणे नव्हे. उलट, दुखणे मोजायला बसलो तर पहिली नोंद तिचीच करावी लागेल. दाढ ठणकते म्हणून मिश्री लावू लागलेली आणि पुढे तिच्यावाचून सकाळ न उजाडणारी बाई प्रत्येक वस्तीत आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिला आम्ही व्यसनीही म्हणत नाही आणि आजारीही म्हणत नाही. मार आणि ओझे यांनी झालेली तिची पाठदुखी कोणत्या समीक्षेत आली?

तेव्हा समीक्षेकडे माझी मागणी साधी आहे. दारुड्याचे पात्र समोर आले की त्याचा धंदा कोणता, तो किती वर्षे केला, अंगाचा कोणता भाग गेला, हे संहितेला विचारा. उत्तर नसेल तर तो संहितेचा उणेपणा माना. कार्यकर्त्यांनी व्यसनमुक्तीच्या सभेत भाषणापूर्वी एक प्रश्न विचारावा: कुठे दुखते? आणि तरुण मित्रांनी दवाखान्यात आपल्या माणसाबरोबर जावे, तेव्हा मान कोणाच्या बाजूने हलते याकडे लक्ष ठेवावे. माझे चुलते आता नाहीत. त्यांच्यावरचा तो जुना लेख मी कोणत्याही संग्रहात घेणार नाही. तो पुन्हा लिहायचा आहे, आणि या वेळी कंबरेपासून.