नेदरलँड्समधील कृत्रिम बुद्धिमत्तेचे नियमन : एक चिकित्सा

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनाची चर्चा निघाली की युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याचा दाखला दिला जातो. नेदरलँड्सचा अनुभव त्याहून जुना आहे आणि अधिक बोधप्रदही. समाजकल्याण लाभांतील गैरव्यवहार हुडकण्यासाठी तेथील शासन ‘सीरी’ नावाची प्रणाली वापरीत होते. निरनिराळ्या खात्यांकडील माहिती एकत्र करून ही प्रणाली कोणती व्यक्ती चौकशीस पात्र आहे हे सुचवीत असे. तिच्याविरुद्धच्या दाव्यात नागरी हक्क संघटनांबरोबर टॉमी वीरिंगा व मॅक्सिम फेब्रुआरी हे दोन लेखकही वादी होते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनीही नोंदवून ठेवावी अशी आहे. ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेगच्या जिल्हा न्यायालयाने युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमाच्या आधारे या प्रणालीमागील कायदेशीर तरतुदी अवैध ठरविल्या. फसवणूक शोधण्यासाठी नवे तंत्र वापरण्यास न्यायालयाची हरकत नव्हती. या प्रणालीचे कामकाज पारदर्शक व पडताळण्याजोगे नाही, हा खरा आक्षेप होता.

बालसंगोपन अनुदानाच्या प्रकरणाचे प्रचलित विवेचन मात्र अपुरे वाटते. कर खात्याच्या जोखीम-वर्गीकरण प्रणालीत अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हा एक निकष होता. हजारो पालकांवर फसवणुकीचा ठपका आला आणि जानेवारी २०२१ मध्ये रुटे मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. हे सारे खरे असले तरी ‘अल्गोरिदमने घात केला’ एवढ्यावरच थांबणे राज्यकर्त्यांच्या सोयीचे आहे. किरकोळ त्रुटीसाठीही संपूर्ण अनुदान परत घ्यावे, हा कायद्याचा अर्थ यंत्राने लावलेला नव्हता. तो प्रशासनाने लावला आणि सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने ऑक्टोबर २०१९ पर्यंत उचलून धरला. यंत्राने माणसे निवडली. त्यांना कर्जबाजारी केले ते या अर्थाने.

पुढील उपाययोजना यंत्राभोवतीच फिरते. डिसेंबर २०२२ मध्ये शासकीय अल्गोरिदमांची नोंदवही खुली झाली, आणि २०२३ पासून माहिती संरक्षण प्राधिकरणाकडे देखरेखीच्या समन्वयाचे काम आले. नोंदवहीचा आरंभ ऐच्छिक स्वरूपाचा होता. म्हणजे काय दाखवायचे हे दाखविणाऱ्यानेच ठरवायचे. कोणते खाते कोणती प्रणाली कशासाठी वापरते, हे तीवरून कळते. पण ज्या पालकाची फाईल बाजूला काढली गेली, त्याच्या ‘माझीच का?’ या प्रश्नाचे उत्तर तीत सापडत नाही, आणि वसुलीचा नियम किती कठोर असावा हा प्रश्न तर तिच्या कक्षेतच येत नाही.