कोर्टाचा सिनेमा आणि खरेपणाची कसोटी

कोर्टातला चित्रपट आला की वकील मंडळी चुका मोजू लागतात. न्यायाधीश हातोडा आपटतात, साक्षीदार गीतेवर हात ठेवतो, वकील सरतपासणीतच सूचक प्रश्न विचारतो. हे आक्षेप रास्त आहेत. आपल्याकडे न्यायाधीश हातोडा वापरत नाहीत, १९६९च्या शपथ अधिनियमातल्या नमुन्यात धर्मग्रंथ नाही आणि सूचक प्रश्नांना मोकळीक मिळते ती उलटतपासणीत. इथवर वास्तवाची तपासणी निर्विवादपणे वस्तुनिष्ठ आहे. कायदा उघडावा आणि पडताळून पाहावं.

पण सगळ्या चुकांचं वजन सारखं नसतं. निकाल कशामुळे लागतो, याविषयी चित्रपट प्रेक्षकाला काय पटवतो, हे मला अधिक मोलाचं वाटतं.

‘दामिनी’त (१९९३) वकील गोविंदची तारखांवरची चीड कुठल्याही तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात ऐकू येईल इतकी खरी आहे. न्याय मात्र तिथे त्याच्या मनगटाच्या आणि आवाजाच्या जोरावर मिळतो. ‘रुस्तम’चा (२०१६) दोष याहून गंभीर आहे. नौदल अधिकारी नाणावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यावर बेतलेला हा चित्रपट नायकाच्या सुटकेवर संपतो. प्रत्यक्षात १९५९मध्ये ज्युरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोषत्वाचा कौल दिला, तो सत्र न्यायाधीशांना मान्य झाला नाही आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे गेलं. १९६०मध्ये तिथे जन्मठेप झाली, १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. नावं बदलण्याचं स्वातंत्र्य कलावंताला आहेच. पण हा उत्तरार्ध गाळल्यामुळे लोकांची सहानुभूती हाच पुरावा ठरतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा आरोप आहे. सरकारी वकील एकसुरात कलमं वाचते. साक्षीदार बोलतो आणि न्यायाधीश त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत लघुलेखकाला सांगतात. नोंदीत राहतं ते हेच. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका महिलेचं प्रकरण पुढे ढकललं जातं. सरकारी वकील लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. यातला तपशील अचूक आहेच, पण खरेपणा येतो तो प्रमाणातून: कामकाज किती संथ, माणसं किती सामान्य आणि त्यांच्या हातात सत्ता किती.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक दुसऱ्या टोकाला उभं आहे. तिथलं कोर्ट खेळातलं, प्रक्रिया मनमानी. तरी त्या खेळात आरोपी ठरवलेल्या लीला बेणारेला घेरणारी माणसं आपल्या ओळखीची आहेत. समाज न्यायासनावर बसला की काय करतो, हे त्यात तंतोतंत उतरलं आहे. चुकांच्या यादीवर हे नाटक नापास होईल, आणि तिथेच त्या यादीची मर्यादा कळते.

म्हणून कायदेशीर चित्रपटांचं वास्तव वस्तुनिष्ठपणे जोखता येतं, असं मी ठामपणे म्हणेन. मात्र वस्तुनिष्ठ म्हणजे सर्वांचं एकमत असा अर्थ घेऊ नये. निकालपत्रात न्यायाधीशाला कारणं द्यावी लागतात आणि त्यांवर अपील होऊ शकतं; समीक्षकानेही कृतीतले पुरावे दाखवून, खोडता येईल असंच मत मांडावं. बहुतेक माणसं कोर्टाची पायरी पहिल्यांदा पडद्यावरच चढतात. न्याय कसा मिळतो आणि कसा नाकारला जातो, याची त्यांची समज तिथेच घडते, म्हणून ही कसोटी कडक असायला हवी.